सदोष मनुष्यवध आणि खून यांतला फरक पक्का कसा करायचा?

प्रश्न
मी लातूरला पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला, तिसऱ्या वर्षात. बारावीपर्यंत मराठी माध्यम. वर्गात भारतीय न्याय संहिता शिकवतात, ग्रंथालयातली पुस्तकं मात्र जुन्या दंड संहितेची. कलम 100 (सदोष मनुष्यवध, म्हणजे गुन्हा ठरणारा मनुष्यवध) आणि 101 (खून) मला सारखीच वाटतात. जुनी पुस्तकं सोडून देऊ का?

उत्तर (फौजदारी वकील, नांदेड)
अजिबात सोडू नकोस. 1 जुलै 2024 पूर्वीच्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागते, म्हणून कोर्टात आम्ही आजही 302 म्हणतो. या कलमांचा मजकूर जवळपास तोच आहे: 299 चं 100, 300 चं 101, खुनाच्या शिक्षेचं 302 आता 103. पेन्सिलीनं समासात नवे आकडे लिही.

फरकासाठी विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य, 1958 मुळातून वाच. पोटात भाल्याचा एकच वार. न्यायालय दोन गोष्टी तपासतं: नेमकी तीच जखम करायचा हेतू होता का, आणि सर्वसाधारणपणे मृत्यू यायला ती पुरेशी होती का? दोन्ही ‘हो’ असेल तर तो खून ठरतो, जिवे मारण्याचा हेतू वेगळा सिद्ध करावा लागत नाही. हा निकाल इतका स्वच्छ लिहिलाय की मी अजून अधूनमधून वाचते.

उत्तर (एलएलएम, पुणे)
ताईंचं बरोबर. सोबत कलम 101 चे अपवादही वाच, म्हणजे खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो ते प्रसंग. नानावटी खटल्यात (1961; नौदल अधिकाऱ्यानं पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या होत्या) घर सोडल्यापासून गोळीबारापर्यंत जवळपास तीन तास गेले होते, म्हणून गंभीर आणि अचानक प्रक्षोभाचा बचाव टिकला नाही.

प्रश्नकर्ती
धन्यवाद ताई, दादा. विरसा सिंग आज रात्रीच काढते. शब्दकोश घेऊन बसेन.