शब्दचर्चा: कोडं सुटलं, पण उकललं नाही?

गाळलेली जागा

गेले सात-आठ महिने गूढ शब्दकोडी सोडवायला शिकतेय. साधी शब्दकोडी लहानपणापासून सोडवत आले, पण ही जातच वेगळी. सूत्र, म्हणजे उत्तर शोधायला दिलेली ओळ, सरळ वाचलं की जो अर्थ लागतो तो फसवा असतो. सूत्राच्या एका टोकाला उत्तराची व्याख्या असते आणि उरलेल्या शब्दांत तेच उत्तर अक्षरांची जोडणी, उलटापालट, लपवालपवी करून पुन्हा सांगितलेलं असतं. सुरुवातीला एकेका सूत्रावर तास जायचा, तरी पुढच्या कोड्याची वाट बघायचे.

काल मैत्रिणीने घातलेलं कोडं घेऊन बसले होते. त्यात एक सूत्र होतं (कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा): 'माणसाच्या अंतरी घुमतो गंधार, तेच शहर (३)'. उभ्या शब्दांतून पहिलं न आणि शेवटचं र मिळालेलं. 'शहर' टोकाला दिसतच होतं. म्हणून 'नगर' लिहिलं आणि पुढे गेले. तिने विचारलं, "जमलं का?" मी म्हटलं, "सुटलं, पण उकललं नाही अजून." तर म्हणाली, हे मराठी चूक आहे. कोडं सुटलं म्हणजेच उकललं, एक झालं आणि दुसरं राहिलं असं होत नसतं.

मला तर या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. उत्तर हाती लागणं एक, आणि ते उत्तर *का* हे कळणं दुसरं. इंग्रजी कोडी सोडवणारे या दुसऱ्याला 'पार्स करणं' म्हणतात. मराठीत 'सुटणं' आणि 'उकलणं' यांत असा फरक कधी होता का? नसेल तर दुसऱ्याला काय म्हणायचं?

उभाआडवा

आधी तुमचा अडलेला भाग. माणूस म्हणजे नर. गंधार म्हणजे सप्तकातला ग. नरच्या पोटात ग घातला की न-ग-र. 'तेच' हा नुसता जोड. 'गंधार' वाचून तुम्ही नक्की त्या प्राचीन देशाकडे गेला असणार, शेजारी 'शहर' आहे ना! फार सुरेख सूत्र आहे, मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा.

शब्दाचं म्हणाल तर 'पार्स' म्हणा. सगळे तेच म्हणतात. ज्या खेळाचे शब्द ज्या भाषेतून आले ते तसेच घ्यावेत.

कानामात्रा

सगळे म्हणजे कोण? शब्दांच्या खेळाला शब्द उसने आणायचे, हे मला कधीच पटलं नाही. आणि आपल्याकडे शब्द आहेही: पदच्छेद. संस्कृतातली ही प्रसिद्ध ओळ घ्या: 'कं बलवन्तं न बाधते शीतम्'. वरवर हा प्रश्न आहे, कोणत्या बलवंताला थंडी बाधत नाही? आता पहिली दोन पदं जोडा. कंबलवन्तं. ज्याच्यापाशी कांबळं आहे त्याला! प्रश्न आणि उत्तर एकाच अक्षरांत. कुठे तोडायचं आणि कुठे जोडायचं एवढाच खेळ, आणि त्या तोडण्यालाच पदच्छेद म्हणतात.

दंडीने काव्यादर्श या आपल्या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात प्रहेलिकांचे, म्हणजे कोड्यांचे, सोळा प्रकार दिलेत. त्यातली 'समागता' म्हणजे पदांच्या संधीमुळे जिचा अर्थ गूढ होतो ती. 'वंचिता' म्हणजे जिथे दुसऱ्याच अर्थाने रूढ असलेला शब्द वाचणाऱ्याला फसवतो ती. वरचा 'गंधार' ही सरळसरळ वंचिता आहे. इतकं बारीक वर्गीकरण हाताशी असताना 'पार्स' कशाला?

गाळलेली जागा

उभाआडवा, खूप आभार! नर आणि ग... डोळ्यांसमोर होतं हो. मी गांधारी, शकुनी असं सगळं फिरून आले.

कानामात्रा, कांबळ्याची ओळ ऐकली होती, पण ती याच जातीची आहे हे कधी जाणवलं नव्हतं. तरी 'नर'च्या पोटात 'ग', याला पदच्छेद म्हणता येईल का? इथे पद तोडलेलं नाही, उघडून आत काहीतरी ठेवलंय.

ओलाकोरा

आमच्या आजोबांचा शब्द 'फोड'. संधीची फोड करतात तशी. मला संस्कृत शिकवायला बसले की श्लोकाचा अर्थ आधी विचारायचे. मी पाठ केलेला अर्थ घडाघडा सांगायचो. मग म्हणायचे, "आता फोड करून दाखव." तिथे माझी गाडी अडायची. अर्थ येतो पण फोड येत नाही, ही त्यांच्या मते अर्धीच विद्या. गाळलेली जागा जे विचारताहेत ते अगदी हेच आहे. 'नगर सुटलं, पण फोड झाली नाही.' कानाला गोड लागतं आणि कोणाला समजावूनही सांगावं लागत नाही.

सुताडा

तुम्ही सगळे 'उकलणं' फार लवकर सोडून दिलंत. धाग्याकडे बघा जरा.

इंग्रजीत 'क्लू' हा शब्द मुळात सुताच्या गुंड्याचा आहे. ग्रीक कथेतला थिसियस भुलभुलैयातून परत येताना सूत धरून वाट काढतो, त्यावरून तो मागोवा, खूण या अर्थाने रूढ झाला. आणि आपण त्याला म्हणतो काय? सूत्र! सूत्र म्हणजेच धागा. पोलिसांना लागतात ते धागेदोरे. आपण गाठतो तो स्वर्गही सुतावरूनच. दोन भाषांनी आपापल्या वाटेने जाऊन एकच वस्तू उचलली, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

आता धाग्यासोबत क्रियापदं कोणती येतात? गुंता सुटतो, गाठ सुटते. सुटणं आपोआपही होतं. बुटाची नाडी चालता चालता सुटते. पण उकलण्याला बोटं लागतात. कोणता पदर कुठून कुठे गेलाय हे बघावं लागतं. म्हणून उभ्याआडव्यांतून अक्षरं मिळून उत्तर आलं तर कोडं *सुटलं*, पदर न् पदर वेगळा केला तर *उकललं*. मैत्रिणीचं चूक, तुमचं बरोबर.

मैत्रीण

ती मैत्रीण मीच. मला इथे ओढून आणलंय.

सुताडा, तुमचं धाग्याचं आवडलं, पण 'शिवण उकलली' म्हणतोच ना आपण? तिथे कोणाची बोटं असतात? ती आपोआप उकलते. शिवाय 'गणित सुटलं' म्हणजे रीतसकट सुटलं. पाठीमागचं उत्तर बघून लिहिलं तर त्याला गणित सुटलं असं कोणी म्हणत नाही. मग कोड्यालाच वेगळा न्याय का? माझं म्हणणं साधं आहे. नुसतं 'नगर' लिहिलंस तर तुझं कोडं सुटलेलंच नाही. अंदाज बरोबर आला, इतकंच.

गाळलेली जागा

अगं, पण चौकोन तर भरला ना! आणि त्या ग वरून पुढचा शब्दही मिळाला.

कानामात्रा

मैत्रीण, सूत्र छान आहे, पण एक शंका. स्वराचं नाव शास्त्रात 'गांधार' आहे. 'गंधार' का लिहिलंत? कोडं घालणाऱ्याने तरी शुद्ध रूप वापरावं.

मैत्रीण

गाणारे 'कोमल गंधार' म्हणतात. मी जे ऐकते तेच लिहिलं. आणि 'घुमतो' हा शब्द तिथे मुद्दाम आहे, तो सुराकडे बोट दाखवतो. फसवायचं, पण खोटं बोलायचं नाही, हा नियम मी पाळते.

उभाआडवा

हा नियम इंग्रजीत फार काटेकोर झालाय. १९२६पासून 'ऑब्झर्व्हर' या ब्रिटिश वृत्तपत्रात टॉर्केमाडा या टोपणनावाने कोडी यायची, ती भयंकर अवघड आणि मोकाट. त्यानंतरच्या झिमेनीसने शिस्त आणली: सूत्रात नेमकी व्याख्या हवी, जुळणीचा न्याय्य निर्देश हवा, आणि तिसरं काही नको. १९६६मध्ये त्याने यावर पुस्तकच लिहिलं. दोन्ही नावं स्पेनमधल्या धर्मन्यायाधीशांची, छळणारे म्हणून घेतलेली! १९७२पासून त्या जागेवर आलेल्याने डेझा या तिसऱ्या न्यायाधीशाचं नाव उलटं केलं आणि 'अझेड' झाला. टोपणनावच एक सूत्र.

उलटण्यावरून आठवलं. मराठीत उलटी सूत्रं काय झकास होतात! 'उलटी वाहणारी नदी केविलवाणी (२)'. नदी उलटली की दीन. 'उलटलेली समता ठरते तमोगुणी (३)', स-म-ता, ता-म-स. एक कानाही हलवावा लागत नाही.

ओलाकोरा

व्वा! तामस तर कमाल आहे.

मी लपवलेलं एक करून बघितलं, पहिलाच प्रयत्न: 'असा खरमरीत जबाब, पोटात मात्र गोडवा (३)'. 'असा खरमरीत' यात सलग 'साखर' आहे.

मैत्रीण

पहिल्या प्रयत्नाला उत्तम. दोन गोष्टी सांगते. 'जबाब'ची अक्षरं कशातच वापरलेली नाहीत, तो काढा. 'असा खरमरीत, पोटात मात्र गोडवा' पुरे. आणि गोडवा हा गुण, साखर हा पदार्थ. व्याख्या उत्तराच्या जागी वाक्यात बसवून बघायची. नाही बसली तर बदलायची.

सुताडा

'जिभेवर साखर आहे' आणि 'जिभेवर गोडवा आहे'. बसली की.

मैत्रीण

तिथे साखर लाक्षणिक आहे. सूत्रात चालेल की नाही, मला खात्री वाटत नाही. मी नसतं चालवलं.

कानामात्रा

खरा वाद अक्षरांच्या उलटापालटीत आहे. 'वानर' विस्कटून 'नवरा' करणारी सूत्रं मी पाहिलीत. तो काना व वरून उचलून र वर ठेवलेला असतो. हे मला मान्य नाही. मराठीत चौकोनात *अक्षर* बसतं, वर्ण नाही. वा हे एक अक्षर. त्याचा काना सुटा करायचा तर मग जोडाक्षरंही फोडा, आणि मग नियम उरलाच कुठे? आणि याला शब्दही नीट हवा. कोणी 'अक्षरपालट' म्हणतं, कोणी 'वर्णविपर्यय'. अक्षरं हलवत असाल तर वर्णविपर्यय म्हणू नका.

उभाआडवा

काना हलवायचा नाही म्हटलं तर मराठीत विस्कटून करायची सूत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरतील. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं, म्हणून तिथे ती भरमसाट. आपल्या लिपीने आपल्याला वेगळं दिलंय: सात सुरांची सात अक्षरं, श्लेष, संधी. 'हात भरावा लागतो (२)' हे 'कर'चं सूत्र बघा. हात म्हणजे कर, आणि सरकारला भरावा लागतो तोही कर. मधे काही जोडावंही लागत नाही. पण वानर-नवरा सोडायचं नाही! सूत्रात 'काना इकडचा तिकडे' असं सांगून टाका. झाला न्याय.

कानामात्रा

सांगितलं तर हरकत नाही. न सांगता केलं तर आहे.

ओलाकोरा

सुताडा, एक राहिलं. 'कोडं' हा शब्द 'कूट'वरूनच आला असेल ना? कूटश्लोक, कूटप्रश्न, अर्थही तोच.

सुताडा

मोह होतो खरा. पण 'कूट'चं प्राकृतात 'कूड' होतं. जुन्या मराठीतला 'कुडा', म्हणजे खोटा, वाईट, तो तिथला. ऊचा ओ कसा झाला हे कोणी दाखवलं तर मी मानेन. तोवर मला ही नुसती जवळीक वाटते.

गाळलेली जागा

माझा मूळ प्रश्न कुठेतरी गडप झालाय :) तरी आज दुसरं कोडं घेतलं आणि वहीत प्रत्येक उत्तरासमोर दोन रकाने केले, 'सुटलं' आणि 'फोड'. पहिला पूर्ण भरला. दुसऱ्यात चार मोकळे आहेत. त्या चारांवर पुन्हा बसले तेव्हा लक्षात आलं की त्यातलं एक उत्तर चुकलंय. व्याख्येत बसत होतं, चौकोनांत बसत होतं, आणि तरी चूक.

मैत्रीण

बघ! म्हणजे सुटलंच नव्हतं. हे तुझ्यासाठी: 'हातावर आला तर दुखतो, संधीची केली तर कळते (२)'.

कानामात्रा

सुटलं. पण हातावरचा पुल्लिंगी आणि संधीची स्त्रीलिंगी. हा एक शब्द धरायचा की दोन?