खोलून ठेवलेल्या जुन्या फियाटचा विमा कसा काढायचा?

आजोबांची १९७२ ची फियाट अक्कलकोट रोडच्या ग्यारेजात सहा महिने खोलून पडलीय, दरवाजे पेंटरकडं, कार्बोरेटर आमच्या माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात. दोन लाख घातलेत अन् एजंट म्हणतो भंगाराची किंमत धरू. काय करावं?

— पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, विमा कंपनी अन् मालकानं मिळून ठरवायची असते ओ, एजंटनं नाही. सर्व्हेअरकडून व्हॅल्युएशन करून घ्या, बिलं अन् फोटो जपून ठेवा. गाडी बंदच हाय तर नुसत्या आग-चोरीची पॉलिसी विचारा. अन् काढलेले पार्ट कव्हर होतात का ते लेखी घ्या, तोंडी नको.

— पन्नास वर्षं झाली म्हणजे व्हिंटेज नोंदणी होते, फी २०,००० अन् दहा वर्षं चालते. पण इंजिन, बॉडी बदलू नका, मूळचीच लागते.

— अर्रर्र, मिस्त्री तर डिझेल इंजिन बसवू म्हणत होता. आत्ताच फोन लावतो त्याला.