मदत हवी आहे: गावी एकटी राहणारी आई आणि स्मृतिभ्रंश

आई ७६ वर्षांची, देवगड तालुक्यातल्या वाडीत एकटी राहते. वर्षापूर्वी स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. बी१२, थायरॉईड, सीटी स्कॅन सगळं झालंय. गोळ्या चालू आहेत, बीपी ताब्यात आहे. त्यामुळे कृपया औषधं सुचवू नका.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत. त्यातली तीन आमच्या घरात ठाण मांडून बसलीत: बहिरेपण, एकटेपणा आणि धूर. गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी नारळाची सोडणं-झावळ्या जाळूनच तापणार! श्रवणयंत्र घेतलं, ती ते काढून डब्यात ठेवते. मुंबईला आणलं तर रात्री "घरी चल" म्हणून दार ठोठवायची. तीन आठवड्यांत परत नेलं. शेजारची दोन घरं गणपती-शिमग्यालाच उघडतात. विहिरीला जाळी बसवली आहे.

दिवसभराची बाई ठेवण्याइतकी ऐपत आहे, पण माणूस मिळत नाही. हल्ली जेवताना ठसकाही लागतो, म्हणून घाई.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत गावातच असं माणूस सांभाळलेल्यांना विचारतो: दिवसाची सोबत कुठून, कशी मिळवलीत? आणि श्रवणयंत्राची सवय कशी लावलीत?