टॅली करणाऱ्याने नंबरपॅड सोडावा का? माझं मत: सोडावा

अक्कलकोट रोड, सूत
मी सोलापुरात सुताच्या धंद्याचा हिशोब टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवतो. दोन महिन्यांपूर्वी ८७ बटणांचा मेकॅनिकल (प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला) कीबोर्ड घेतला, उजवीकडचा नंबरपॅड नसलेला. तेव्हापासून ऑफिसात येणारा प्रत्येकजण विचारतो, "हिशोबाचं काम आणि नंबरपॅड नाही?" म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

माझं टेबल दोन फुटी, म्हणजे ६१ सेंटिमीटर. जुना १०४ बटणांचा कीबोर्ड जवळपास ४४ सेंटिमीटर. उरलेल्या सतरात माऊस, बिलांची फाईल आणि चहा. माऊस धरायला हात इतका बाहेर जायचा की संध्याकाळी उजवा खांदा वर उचलेना. एक दिवस पट्टी लावून बघितलं. कीबोर्ड स्क्रीनच्या बरोबर मध्ये ठेवला, तर टाइप करायची जागा, म्हणजे जी आणि एच यांच्यामधली रेघ, जवळपास साडेआठ सेंटिमीटर डावीकडे. म्हणजे मी दिवसभर तिरका बसत होतो. नंबरपॅड गेल्यावर ८ सेंटिमीटर मोकळे झाले आणि महिन्याभरात खांदा हलका झाला.

आता आकड्यांचं. आमच्या बिलात सगळ्यात किचकट काय, तर समोरच्या पार्टीचा जीएसटी नंबर. १५ खुणा: आधी २७, मग पाच अक्षरं, चार आकडे, पुन्हा अक्षर. इथे नंबरपॅडवर गेलो तर हात तीनदा इकडून तिकडे. अक्षरांच्या वरच्या आकड्यांच्या ओळीतूनच सरळ जातो. मला तर वाटतं नंबरपॅड आपण गरजेपेक्षा सवयीने बाळगतो.

मार्केट यार्ड, कांदा
तुझं सुताचं बिल वेगळं रे बाबा. आमची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाची पावती बघ: पिशव्या, वजन, भाव, हमाली, तोलाई. अक्षरं शेतकऱ्याच्या नावापुरती, बाकी सगळे आकडे. डिसेंबर-जानेवारीत आवक वाढली की रात्री उशिरापर्यंत पट्ट्या चालतात.

नंबरपॅडवर माझी नजर कागदावरून हलत नाही. ५ वरचा उंचवटा मधल्या बोटाला लागला की बाकीचे आकडे आपोआप सापडतात, करंगळीला एंटर. वरच्या ओळीत दहाच्या दहा आकडे एका रांगेत. तिथं ७ की ८ ते बघावंच लागतं. आणि भावात ७ च्या जागी ८ पडला तर तो माझा टायपिंगचा प्रश्न राहत नाही, कुणाच्या तरी वर्षभराच्या पिकाच्या पैशाचा होतो. याला सवय म्हणून मोडीत काढू नको.

अक्कलकोट रोड, सूत
काका, शेवटचं वाक्य पटलं. "सवयीने बाळगतो" हे मी सरसकट लिहायला नको होतं.

पण मग सुटा नंबरपॅड घ्या, यूएसबीचा. पट्ट्यांच्या वेळी काढायचा, एरवी ड्रॉवरमध्ये. मी तोच घेतलाय आणि डावीकडे ठेवतो. डावा हात आकडे टाकतो, उजवा माऊसवर किंवा बिलाचं पान उलटायला मोकळा. जमायला तीन आठवडे लागले.

मार्केट यार्ड, कांदा
तीन आठवडे तुझ्याकडे होते. वीस वर्षं उजव्या हातानं काम करालोय, डाव्याला शिकवायला सीझन थांबत नाही. शिवाय टेबलावर काच आहे, सुटा पॅड सरकतो. ५ वरचं बोट एका बटणानं जरी हललं तरी सगळा आकडा चुकला.

साखर पेठ, डीटीपी
मला वेगळी अडचण सांगायची आहे, कारण तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. आम्ही लग्नपत्रिका, अहवाल, पावतीपुस्तकं करतो. युनिकोडमध्ये आलेला मजकूर ठीक, पण जुन्या फॉन्टमधल्या फाइली अजून रोज येतात. त्या फॉन्टमध्ये काही जोडाक्षरं अल्ट दाबून आकडे टाकल्यावरच उमटतात, आणि विंडोज ते आकडे फक्त नंबरपॅडचेच मानतं. वरच्या ओळीतून काहीही केलं तरी अक्षर येत नाही. मुलाच्या सांगण्यावरून छोटा कीबोर्ड आणला आणि पहिल्याच पत्रिकेत नवऱ्यामुलाच्या आडनावातलं जोडाक्षर अडलं. गिऱ्हाईक समोर बसलेलं. शेवटी दुसऱ्या मशीनवर टाइप करून इकडे चिकटवलं.

जुळे सोलापूर, कोडर
ताई, ज्या कीबोर्डात बटणं आपल्याला हवी तशी बदलता येतात, त्यात नंबरपॅडचा लेयर करता येतो, म्हणजे एक बटण दाबलं की अक्षरांची बटणं आकड्यांची होतात. यू-आय-ओ वर ४-५-६, जे-के-एल वर १-२-३. तो लेयर नंबरपॅडचाच सिग्नल पाठवत असेल तर अल्टवाली अक्षरंही येतात.

यात नवं काही नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर ८३ बटणं होती आणि बाण वेगळे नव्हतेच. नंबरपॅडवरच बाण, आणि कुठलं काय हे ठरवायला नम लॉक. एका बटणाची दोन कामं आपण पहिल्यापासून करतोय.

साखर पेठ, डीटीपी
करून बघेन. पण अल्ट एका हातानं धरायचं, लेयर चालू की बंद ते ध्यानात ठेवायचं आणि वर आकडे. मी तासाला पानं मोजते. आणि माझ्याकडे दोन मुली शिकाऊ आहेत, त्यांना बटणावर जे छापलंय तेच दिसायला हवं.

एमआयडीसी, टॉवेल
नंबरपॅड ठेवा नाहीतर काढा, मी फक्त घेणाऱ्याला दोन गोष्टी सांगतो. आमचं ऑफिस यंत्रमागांना लागून आहे, कापसाचं तूस हवेत असतंच. साध्या कीबोर्डची बटणं वर्षभरात जड व्हायची. मेकॅनिकलचे कीकॅप चिमट्याने उपटायचे, आत ब्रश फिरवायचा. मागच्या महिन्यात स्पेसबारखालून तुसाची बोटभर वात निघाली. हॉट-स्वॅप, म्हणजे स्विच नुसता ओढून काढता येणारा कीबोर्ड असेल तर बिघडलेला स्विचही घरीच बदलता येतो, सोल्डरिंग लागत नाही.

दुसरं: छोटा घ्यायच्या नादात ६१ बटणांचा घेऊ नका. त्यात वरची एफ१ ते एफ१२ ची ओळच नसते. टॅलीत तारीख एफ२, सेल्स एफ८, परचेस एफ९. प्रत्येक वेळी दोन बटणं दाबून हैराण व्हाल.

अक्कलकोट रोड, सूत
एफ ओळीचं शंभर टक्के खरं, मी ८७ वर थांबलो ते त्यासाठीच. ताई, तुमच्या कामाला पूर्ण कीबोर्डच ठेवा, मी मत बदललं. काकांच्या बाबतीत मात्र अजून वाटतं की खांद्याचा विचार करावा. काका, एकदा ऑफिसला या. पॅडखाली रबराची चटई घालून देतो, सरकणार नाही. उजवीकडेच ठेवू, माऊस डावीकडे घेऊ.

मार्केट यार्ड, कांदा
येतो. खांदा माझाही दुखतो, ते खोटं कशाला बोलू. पण पन्नास पट्ट्या माझ्याच आणीन. पंचवीस तुझ्याकडे, पंचवीस माझ्या कीबोर्डवर. घड्याळ लाव, पण आधी चुका मोजायच्या, मग वेळ.