डिपार्चरला टीकास ओरडला की दोष कंट्रोलरचाच का?

पंखवाला:
"दोन विमानं जवळ आली, कॉकपिटमध्ये टीकासचा (विमानांची टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेचा) अलार्म वाजला" अशी बातमी आली की पहिली कमेंट ठरलेली असते, कंट्रोलर (जमिनीवरून विमानांना सूचना देणारा) झोपला होता का. मला हे अजिबात पटत नाही. वजन कमी असलेलं जेट टेकऑफनंतर मिनिटाला ३००० फुटांनी सहज चढतं. समजा त्याला ९००० फुटांवर थांबायचा क्लिअरन्स (कंट्रोलरची परवानगी) आहे आणि १०००० वरून दुसरं सरळ चाललंय, म्हणजे मध्ये हजार फूट, नियमात सगळं बरोबर. पण टीकासला क्लिअरन्स कुठे माहीत असतो? त्याला एवढंच दिसतं की हा बाबा असाच चढत राहिला तर अर्ध्या मिनिटात वरच्याला भिडणार, मग तो "लेव्हल ऑफ, लेव्हल ऑफ" करतो. आयकाओने (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने) म्हणूनच सांगून ठेवलंय की शेजारच्या लेव्हलला ट्रॅफिक असेल तर शेवटच्या हजार फुटांत चढायचा वेग मिनिटाला १५०० फुटांच्या खाली आणा. पायलट लोकांनी एवढं पाळलं तरी निम्मी बोंबाबोंब थांबेल असं माझं मत.

थ्रॉटल_मागे:
सांगायला सोपंय हो. टेकऑफनंतरची पहिली काही मिनिटं बघा कधी, फ्लॅप आत घ्या, थ्रस्ट कमी करा, फ्रिक्वेन्सी बदला, तेवढ्यात नवीन हेडिंग आणि वर "एक्सपिडाइट क्लाइंब", म्हणजे लवकर चढा. आधी पळ म्हणायचं आणि मग जोरात का पळालास म्हणायचं! मुळात जाणारं आणि येणारं विमान एकमेकांच्या डोक्यावरून नेणारे रूट आखलेच का जातात? चरखी दादरी विसरलात का, १९९६, दिल्लीहून निघालेलं सौदीचं ७४७ आणि उतरायला येणारं कझाक इल्युशिन, दोघं एकाच कॉरिडॉरमध्ये. ३४९ माणसं गेली.

पंखवाला:
उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय की. सौदीला १४००० आणि कझाकला १५००० दिलं होतं, कझाक विमान दिलेल्या लेव्हलच्या खाली आलं. कंट्रोलरचा क्लिअरन्स बरोबरच होता. कॉरिडॉरचं म्हणाल तर मान्य, पण तो कंट्रोलरने नाही आखला.

थ्रॉटल_मागे:
मग मीही तेच म्हणतोय, व्यवस्थेचा दोष पायलटच्या व्हर्टिकल स्पीडवर (चढण्या-उतरण्याच्या वेगावर) नका ढकलू.

मेघना_के:
तुम्ही दोघं भांडताय त्यात खरा धोका बाजूलाच राहिला. असले अलार्म "उगाचचे" म्हणायची सवय लागली ना, की खरा वाजेल तेव्हा हात अडखळणार. २००१ मध्ये जपानचं बघा, हानेडाहून निघून चढत असलेलं विमान, कंट्रोलरने चुकून दुसऱ्याच्या ऐवजी त्याचा नंबर घेऊन खाली यायला सांगितलं, टीकास म्हणत होता चढ, कॅप्टनने कंट्रोलरचं ऐकलं आणि समोरचा त्याच्या टीकासप्रमाणे खालीच येत होता. थोडक्यात वाचले, पण शंभरेक जण जखमी झाले. पुढच्याच वर्षी जर्मनीत उबरलिंगेनला पुन्हा तसंच, तिथे टक्कर झालीच आणि ७१ गेले. त्यानंतर नियम पक्का झाला, आरए (टीकासचा चढ किंवा उतर असा आदेश) आला की तोच पाळायचा, कंट्रोलर काहीही म्हणो, आणि पायलटने "टीकास आरए" म्हटलं की कंट्रोलरने "रॉजर" म्हणून गप्प बसायचं. दोष कुणाचा ते नंतर रिपोर्टमध्ये बघा ना.

स्ट्रिप_बोर्ड:
गप्प बसतो हो, पण कळायला तर हवं! पायलट आधी विमान सांभाळणार मग बोलणार, त्या मधल्या सेकंदांत आम्ही बिचारे कंट्रोलर उलटीच सूचना देत असू शकतो, जपानमध्ये काय उबरलिंगेनमध्ये काय हेच झालं. आरए थेट रडार स्क्रीनवर यायला हवा, मोड एस मधून (विमानातला ट्रान्सपाँडर रडारला माहिती पाठवतो त्यातून) डेटा खाली येतोच.

थ्रॉटल_मागे:
याला माझा कडक विरोध. रडारचा फेरा पूर्ण होईपर्यंत कॉकपिटमधला आरए बदललेला असू शकतो, म्हणजे तुम्ही शिळा आरए बघणार. शिवाय स्क्रीनवर दिसलं पण पायलट काहीच बोलला नाही तर जबाबदारी कुणाची?

स्ट्रिप_बोर्ड:
शिळा असला तरी तोंड बंद ठेवायला पुरेसा आहे. मला तेवढंच हवंय.

मेघना_के:
आणि हेही धरा की साधारण १००० फुटांखाली आरए मिळतच नाही, फार तर "ट्रॅफिक, ट्रॅफिक" एवढी सावधगिरीची सूचना. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनला हेलिकॉप्टर आणि जेटची धडक झाली, ते जेट उतरत होतं, पण गोष्ट तीच, ट्रॅफिकची सूचना वाजली आणि आरए त्या उंचीला येणारच नव्हता. ६७ गेले. टेकऑफनंतरचा पहिला हजार फूट पूर्ण कंट्रोलर आणि डोळे यांच्यावरच आहे, तिथे १५०० चा नियम काय कामाचा पंखवाला?

पंखवाला:
तिथे नाही, मान्य. मी वरच्या लेव्हलबद्दल बोलतोय आणि त्यावर ठाम आहे.

थ्रॉटल_मागे:
मग निदान "तुमच्या वर हजार फुटांवर ट्रॅफिक आहे" एवढं वेळेत सांगा, व्हर्टिकल स्पीड आम्ही आपणहून कमी करू. न सांगता अपेक्षा नको.

स्ट्रिप_बोर्ड:
सांगू की. गर्दीच्या वेळी फ्रिक्वेन्सीवर तेवढी फट मिळाली तर.