पुण्याजवळ ग्रॅव्हल सायकलसाठी शेतातले, बिनगाड्यांचे रस्ते सुचवा

रानवाट:
नमस्कार मंडळी. मी हडपसरला राहते. आतापर्यंत रोड बाइकवर खडकवासला, पानशेत, सिंहगड पायथा असं फिरत आले. आता रविवारी उजाडायच्या आत निघालं तरी तिथे गाड्यांची रांग असते, आणि कोपराला घासून जाणाऱ्या गाड्यांमुळे सायकलवर बसायचा आनंदच उरला नाही. म्हणून ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालणारी, जाड टायरची सायकल घेतली, टायर ७०० बाय ४०.

डोंगरातली अवघड पायवाट नकोय. सौम्य चढ-उतार, दोन्ही बाजूंना शेती, डांबर कमी आणि गाड्या जवळजवळ नसाव्यात. ५०-६० किमी पुरे. सासवड-जेजुरीकडे असे रस्ते आहेत म्हणतात, पण नकाशा दर वेळी पालखी महामार्गावरच नेऊन सोडतो. बहुतेक वेळा मैत्रीण सोबत असते, कधीतरी एकटी. डिसेंबरात सुरुवात करायचा विचार आहे. मार्ग, पाणी, पंक्चर, जे सुचेल ते सांगा.

कऱ्हेपठारी:
ताई, अगदी योग्य भाग निवडलात. माझं गावच त्या बाजूला आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, दिवेघाट सायकलने चढू नका. तो आता राष्ट्रीय महामार्ग ९६५ आहे, अवजड गाड्या आणि रुंदीकरण, दोन्हींचा त्रास. सायकल गाडीवर टाकून सासवडला या आणि तिथून सुरू करा. सासवडहून राजेवाडी, आंबळे, टेकवडी असं करत माळशिरस, म्हणजे भुलेश्वराच्या डोंगराखालचं गाव. तिथून दक्षिणेला वळून कऱ्हेकाठचं पांडेश्वर, मग जेजुरीच्या अलीकडे नाझरे धरण, आणि परत येताना महामार्ग टाळून कोथळे, बेलसर. सगळं मिळून साठच्या आसपास भरतं. गावांना जोडणारे रस्ते डांबरी आहेत, पण अरुंद, आणि सकाळी दुधाच्या मोटारसायकली सोडल्या तर रिकामे. खरी मजा त्यांच्यामधल्या पाणंदींची आहे. एका गावातून दुसऱ्या गावात जायला बहुतेक ठिकाणी एखादी जुनी गाडीवाट असतेच. मुरमाड असेल तर चाक छान पळतं.

या वाटा शोधायला मोबाइलपेक्षा गाव नकाशा बघा. त्यात दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग आणि एक तुटक रेषा म्हणजे पायमार्ग. गाडीमार्ग सॅटेलाइट चित्रावर पडताळून घ्यायचा, कारण कागदावरची पाणंद कधी कधी नांगरून शेतात गेलेली असते. अशा ठिकाणी हक्काची भाषा न करता मागे फिरावं, भांडण त्या दोन शेजाऱ्यांचं असतं. उलट मातोश्री पाणंद योजनेतून काही वाटांवर नवा मुरूम-खडी पडली आहे. ताजी खडी असेल तर उतारावर ब्रेक जपून लावा.

डिसेंबरला या म्हणजे वाटाणा, कांदा, ज्वारी उभी असते आणि अंजिराचा खट्टा बहार, म्हणजे हिवाळ्यात येणारी फळं, सुरू असतो. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बागेच्या बांधावर शेतकऱ्याकडूनच विकत घ्या. स्वतः हात लावू नका, पिकलेलं अंजीर दाबलं की खराब होतं आणि त्याचं नुकसान होतं. चंपाषष्ठी आणि सोमवती अमावस्या कॅलेंडरमध्ये बघून घ्या, त्या दिवसांत जेजुरीच्या दहा किलोमीटरच्या आत शांतता मिळणार नाही.

डावा कालवा:
वरच्या मार्गाला माझं अनुमोदन. पण गाड्या अजिबातच नकोत तर नीरा डाव्या कालव्याचा विचार करा. वीर धरणातून निघणारा हा कालवा निंबूत, सोमेश्वरनगर, वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे, पणदरे, माळेगाव या पट्ट्यातून बारामतीकडे जातो. इंग्रजांच्या काळातला आहे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पाणी सुटलं. काठाने पाटबंधारे खात्याचा कच्चा रस्ता आहे.

कालवा समपातळीत चालतो, म्हणून तो प्रत्येक टेकाडाला वळसा घालत जातो आणि त्याबरोबर तुम्हीही. चढ जवळजवळ नाही. पूर्वेकडे जाताना उजव्या हाताला, नदीच्या बाजूला, ऊसच ऊस. डाव्या हाताला चढत गेलेली कोरडवाहू जमीन, बाजरी, बाभळी आणि माळ. मध्ये फक्त पाटाची रुंदी. पाणी कुठे पोचतं आणि कुठे नाही हे असं डोळ्यांसमोर दुसरीकडे क्वचितच दिसतं, मला तरी त्यासाठीच हा रस्ता परत परत करावासा वाटतो.

आता काळजीच्या गोष्टी. हा खात्याचा सेवा रस्ता आहे, सार्वजनिक वाट म्हणून गृहीत धरू नका. पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारा खात्याचा माणूस, भेटला तर थांबून सांगा कुठून आलात, कुठे चाललात. कोणी अडवलं तर खाली उतरून गावरस्त्याने पुढे जा. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, सुरू असेल तर पाणी वेगाने वाहतं, काँक्रीटचं अस्तर असेल तिथे शेवाळ असतं आणि आत पडलेल्या माणसाला कडेला धरायला काही सापडत नाही. बाटली पडू द्या, मोबाइल पडू द्या, सायकलसुद्धा पडू द्या. त्यामागे उतरायचं नाही. दोघी असाल तर शेजारी शेजारी न चालवता मागे-पुढे चालवा.

आणि डिसेंबर म्हणजे ऐन गाळप हंगाम. सोमेश्वर आणि माळेगाव कारखान्यांच्या आसपास डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रात्रंदिवस पळतात. त्यांना पटकन थांबता येत नाही, मागची ट्रॉली हेलकावते. कारखान्याजवळचा भाग कालव्यावरूनच पार करा, गावरस्ता घेऊ नका. मला विचाराल तर डिसेंबरात कऱ्हेपठार, म्हणजे वरचा सासवडचा मार्ग, करा आणि कालवा नंतर, हंगाम ओसरल्यावर.

पंक्चरवही:
मार्ग वरच्या दोघांनी दिलेत, मी चाकांवर बोलतो.

या भागात खडीपेक्षा काटा जास्त त्रास देतो. वेडी बाभूळ तोडून कुंपणाला लावतात, तिच्या फांद्या वाटेवर पडलेल्या असतात. पाऊस संपला की सराटा वाळतो आणि त्याची काटेरी फळं थेट टायरमध्ये बसतात. ट्यूब ठेवली तर एका फेरीत दोन-तीनदा खाली बसावं लागेल. ट्यूबलेस करा, आत सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, भरपूर घाला. आपल्या उन्हात ते लवकर वाळतं, दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्ह काढून तपासा. काटा दिसला तर घाईने उपसू नका. चाक फिरवून काटा खाली आणा, मग काढा, म्हणजे सीलंट भोकावर जमतं. एक जादा ट्यूब आणि हातपंप तरीही जवळ हवाच.

हवा ४० मिमी टायरला, ट्यूबलेस असेल तर आणि वजन साठ-सत्तर किलो असेल तर ३५ पीएसआयच्या आसपास. रोड बाइकवरून आलेले लोक सवयीने साठ भरतात आणि मग हात बधिर झाले म्हणून सायकलला दोष देतात.

काळी माती ओली असेल तर त्या दिवशी शेतवाट सोडूनच द्या. ती चाक आणि फोर्क यांच्यामध्ये भरते, चाक फिरायचं थांबतं आणि जोर लावला तर डिरेल्युअर, म्हणजे मागे गिअर बदलणारा भाग, तुटतो. शिवाय ओल्या वाटेवर उठलेले चर तसेच वाळतात आणि मग शेतकऱ्याला त्यावरून बैलगाडी न्यावी लागते.

रानवाट:
मनापासून आभार. तुमच्या सांगण्याप्रमाणे डिसेंबरात पठार, कालवा नंतर. दोन शंका. एकटी असले तर हा मार्ग कितपत बरा? आणि कुत्र्यांचं काय?

माळढोक नाही पण माळ आहे:
मी बाई आहे आणि पुरंदरात एकटी सायकल चालवते, म्हणून लिहिते. गावं दर चार-पाच किलोमीटरला आहेत. शेतात माणूस असतोच, बायका खुरपणीला, तोडणीला असतात, आणि "कुठनं आलीस गं" हे विचारल्याशिवाय कोणी पुढे जाऊ देत नाही. मला तिथे महामार्गापेक्षा जास्त सुरक्षित वाटतं. पण भुलेश्वराच्या मागचा भाग आणि वनखात्याच्या जमिनीतून जाणाऱ्या वाटा एकटीने करू नका. लोकेशन घरी चालू ठेवा आणि अंधाराच्या आत सासवड गाठा.

कुत्री: वस्तीवरची भुंकतात, खाली उतरून सायकल मध्ये धरून चालत गेलं की सोडून देतात. मेंढ्यांबरोबरची धनगरी कुत्री वेगळी, ती कामावर असतात. कळप दिसला की लांब थांबा, धनगराला हाक मारा, तो कुत्री आवरेल. दिवाळीनंतर बरेच कळप कोकणाकडे उतरतात, त्यामुळे डिसेंबरात कमी भेटतील.

आणखी एक, सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या बाजूला गेलात तर गवतात सायकल घालू नका. तिथे चिंकारा आहे, आणि माळावरचे कितीतरी पक्षी जमिनीवरच अंडी घालतात.

कऱ्हेपठारी:
एक राहिलं. वाट चुकून तुम्ही खानवडी, कुंभारवळण, पारगावच्या शिवारात जाल. खानवडी हे जोतीराव फुल्यांच्या घराण्याशी जोडलेलं गाव, तिथे थांबण्यासारखं आहे. पण ही गावं प्रस्तावित विमानतळाच्या भूसंपादनात आहेत, आणि २०२५ च्या मे महिन्यात ड्रोन सर्वेक्षणावरून तिथे शेतकरी आणि पोलीस यांच्यात मोठा संघर्ष झाला. बाहेरचं माणूस मोबाइलवर नकाशा बघत बांधावर उभं राहिलं की लोकांना शंका येते, आणि ती रास्त आहे. ड्रोन आणू नका, शेतांचे फोटो विचारून काढा, कोण आहात ते आधीच सांगा. चहा मिळेल.

पाण्याचं म्हणाल तर दोन बाटल्या पुरतात. आंबळे आणि माळशिरसला दुकानं आहेत, पण दुपारी मिटलेली असतात. भुलेश्वराच्या देवळापर्यंत वर चढणार असाल तर माळशिरसमध्येच बाटल्या भरून घ्या.

डावा कालवा:
वाऱ्याचंही बघा. दुपारनंतर इथे कधी कधी पश्चिमेचा वारा सुटतो, आणि कऱ्हेपठारींचा मार्ग आधी पूर्वेला जाऊन पश्चिमेला परततो, म्हणजे दमल्यावर वारा तोंडावर. सहाला निघालात तर अकराच्या आत बेलसर गाठाल आणि अडचण येणार नाही. उशीर होणार असेल तर पांडेश्वरपर्यंत जायच्या फंदात न पडता आंबळ्यातूनच मागे फिरा.