कॉलेजात 'अब्रॉड सेल' काढून राहिले, माझं म्हणणं आधी फाईल छापणं बंद करा

झिरोमाईल
नागपूरच्याच एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, 19 वर्षं झाली, नाव विचारू नका, नोकरी करायची आहे अजून. मागच्या आठवड्यात स्टाफ मीटिंगमध्ये ठरलं की फायनल इयरच्या पोरांसाठी अब्रॉड सेल काढायचा. शहरातली एक कन्सल्टन्सी येणार, आयईएल्टीएसचे क्लास, एसओपी (तिकडं का जायचं ते सांगणारा निबंध), व्हिसाची मॉक मुलाखत असं पॅकेज, फी पोरांकडून, आणि ब्रोशरवर विमानाचा फोटो. मी एकटाच नको म्हणालो तर सगळे माझ्याकडं असे पाहू लागले की जसं मी कोणाच्या साक्षगंधात शिंकलो.

कारण सांगतो. दिवाळीच्या आधी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा जर्मनीहून फोन आला. हुशार पोरगा, आमच्याकडं डिस्टिंक्शनवाला. लॅब रिपोर्टचे दोन परिच्छेद आणि एक टेबल सिनियरच्या रिपोर्टमधून जसंच्या तसं छापलं, म्हणजे उचललं, तिकडं पकडलं गेलं, त्या कामाला शून्य आणि वरून लेखी खुलासा मागितला. मला म्हणतो, "सर, पण आपण तर हेच करत होतो ना." मी काय बोलणार? खरंच हेच करत होतो. पहिल्या वर्षी होस्टेलच्या खोलीत दोन खुर्च्यांवर काच ठेवून खाली बल्ब लावून ड्रॉइंगची शीट उतरवायची, तिथून जी सुरुवात होते ती प्रोजेक्ट रिपोर्टपर्यंत. स्टीलचा यंग्स मॉड्युलस (स्टील किती ताठ आहे तो आकडा) पुस्तकात दोन लाखाच्या आसपास असतो, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, तर पोरं तिथून उलटं गणित करत रीडिंग "काढतात". आमचं एक मशीन दोन वर्षं बंद होतं आणि त्या दोन्ही वर्षी सगळ्यांच्या फायलीत रीडिंग एकदम परफेक्ट. सह्या माझ्याच आहेत त्यावर.

म्हणून माझं म्हणणं, आयईएल्टीएस पोरं यूट्यूबवरून करून घेतात. स्वतःचं लिहिणं, दुसऱ्याचं घेतलं तर कुठून घेतलं ते सांगणं, आलेलं रीडिंग वाकडं असलं तरी तेच मांडणं, ही खरी तयारी. ती पहिल्या वर्षापासून द्या नाहीतर सेल-बिल काढू नका. बोला आता.

सदरची_ताई
सर तुमचं पटलं पण अर्धंच. माझी मुलगी मागच्या वर्षी गेली, तिला छापायची सवय होती की नव्हती माहीत नाही पण आमचे तीन महिने गेले ते कागदांत. ट्रान्सक्रिप्टसाठी खिडकीवर गेलो तर साहेब रजेवर, पुढच्या आठवड्यात गेलो तर फॉर्म बदलला, तिसऱ्यांदा गेलो तर एका सेमिस्टरच्या मार्कशीटवर नावात एक अक्षर कमी. जर्मनीला नोव्हेंबर 2022 पासून एपीएस सर्टिफिकेट (कागद खरे आहेत हे तपासल्याचं) लागतंच, 18,000 रुपये भरून, आणि त्याच्यासाठी सगळ्या मार्कशीट नीट पाहिजे. तिचा एक अ‍ॅडमिशनचा कॉल याच्यापायी गेला. तुम्ही म्हणता सेल नको, मी म्हणते सेल पाहिजेच, फक्त विमानाचा फोटो काढून टाका आणि तिथं एक असा क्लार्क बसवा ज्याला हे कागद कसे निघतात ते माहीत आहे. प्रामाणिकपणा घरी शिकवू आम्ही, सही-शिक्का घरी मिळत नाही.

पोहे_तर्री
सर फायनल इयरचा आहो मी, तुमच्याच कॉलेजचा असन किंवा नसन. एक गोष्ट सांगू का, राग नका मानू. सेकंड इयरले मी स्वतःचं रीडिंग लिहिलं होतं, ग्राफ थोडा वाकडा आला, खाली लिहिलं पण की पॉइंट काहून हटला ते. मॅडमनं फाईल परत केली, म्हणे "मागच्या वर्षीच्या पोट्ट्याची फाईल पाह्य, तसं आण." आणलं मंग. दहापैकी नऊ. आता तुम्ही म्हणून राहिले की पोट्टे छापतात. अरे बावा छापाले लावते कोण? रात्री दोन वाजेपर्यंत 12-12 प्रॅक्टिकल उतरवून हात दुखते, कोणाले हौस नाही. आधी सर लोकांची तयारी करून घ्या न मंग आमची.

बुटीबोरी_शिफ्ट
मला मूळ प्रश्नच पटत नाही. वर्गात 60 पोरं असतात, त्यातली बाहेर जाणारी किती, चार? पाच? बाकीचे हिंगणा, बुटीबोरी, मिहान, नाहीतर पुण्याची बस. आमच्या प्लांटला जे येतात त्यांना व्हर्निअर धरता येत नाही, ईमेल लिहिता येत नाही, आणि कॉलेज वेळ घालवणार चार लोकांना विमानात बसवण्यात? ज्याचा बाप 40 लाखाचं लोन काढू शकतो तो कन्सल्टन्सीचे पैसे पण देऊ शकतो. आणि बाहेर तरी आता काय ठेवलंय, कॅनडानं जानेवारी 2024 मध्ये स्टडी परमिटवर कॅप लावली, नोव्हेंबर 2024 मध्ये एसडीएस नावाचा झटपट परमिटचा रस्ता बंद केला, अमेरिकेनं सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जावर 1 लाख डॉलर सांगितले. तुम्ही पोरांना तयार करताय आणि तिकडं दार अर्धं लोटलंय.

झिरोमाईल
@बुटीबोरी_शिफ्ट, व्हर्निअर धरता न येणं आणि रीडिंग छापणं हा एकच रोग आहे हो. मी जे म्हणतोय ते बुटीबोरीला जाणाऱ्याच्या पण कामाचंच आहे.
@पोहे_तर्री, वाचलं. जेवून झाल्यावर लिहितो.

खिडकीतली_सीट
मी या धंद्यात आहे, धरमपेठेत, 8 वर्षं. कन्सल्टन्सी म्हटलं की लोक लगेच दलाल म्हणतात म्हणून लिहितोय. मुंबईत बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेटच्या खिडकीवर पोरगा दोन-तीन मिनिटं उभा असतो, तेवढ्यात 214(बी), म्हणजे व्हिसा नाकारायचं कलम, लागून परत येतो कारण त्यानं "व्हाय धिस युनिव्हर्सिटी" चं उत्तर पाठ केलेलं असतं आणि अधिकाऱ्यानं उलटा प्रश्न टाकला की गाडी बंद. आम्ही त्याला बोलायला लावतो, दहा-दहा वेळा. हे सर लोक करणार आहेत का? आपल्या नागपूरच्या पोराला वर्गात चार वर्षांत एकदा तरी उभं करून "तुझं मत काय" असं कोणी विचारलं असतं तर आमची दुकानं चाललीच नसती, हे मी स्वतः सांगतो. सीजीपीए जर्मन ग्रेडमध्ये कसा बसतो ते पण पोरांना आमच्याकडं आल्यावर कळतं. 10 पैकी 7.8 असेल आणि पास व्हायला 4 धरले तर बव्हेरियन फॉर्म्युल्यानं 2.1 येतो, तिकडं 1 म्हणजे सगळ्यात चांगला. इथं पोरं 2.1 ऐकून रडायला लागतात.

सदरची_ताई
@खिडकीतली_सीट दलाल म्हणत नाही भाऊ, पण एक सांगा, ज्या युनिव्हर्सिटीकडून कमिशन मिळत नाही ती तुमच्या लिस्टमध्ये असते का? आम्हाला जी लिस्ट दिली होती (तुम्ही नाही, दुसरे होते) त्यात जर्मनीची एकही सरकारी युनिव्हर्सिटी नव्हती, सगळ्या खाजगी, फीवाल्या. सरकारीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नसते हे मुलीनं स्वतः शोधलं.

खिडकीतली_सीट
काही जणांच्या लिस्टमध्ये नसते. खोटं नाही बोलणार.

दीक्षाभूमी_चौक
वरचं सगळं वाचलं, लोन काढणाऱ्या बापाबद्दल पण वाचलं. माझे वडील ऑटो चालवत होते. मी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जाऊन आलो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्याच्या समाजकल्याणच्या 75 जागा असतात, मला ती योजना आहे हे एका चहाच्या टपरीवर कळलं, ते पण शेवटची तारीख निघून गेल्यावर, म्हणून एक वर्ष वाया. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर चार वर्षं फक्त हॉल तिकीट आणि डिफॉल्टर लिस्ट पाहिली. बुटीबोरीवाले दादा म्हणतात ज्याला परवडतं त्यानं स्वतः पाहावं. बरोबर, आणि ज्याला परवडत नाही त्याला सांगणार कोण? बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या महिना साडेअकरा पौंडाच्या शिष्यवृत्तीवर, तीन वर्षांसाठी. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे तिथं पोराला शिष्यवृत्तीची तारीख टपरीवर कळावी?

सर तुमच्या छापण्याच्या मुद्द्यावर पण बोलतो. तिकडं पहिला निबंध दिला तेव्हा ट्यूटरनं परत पाठवला. कॉपी नव्हता. तिनं लिहिलं होतं की तू 14 लोकांचं म्हणणं सांगितलंस, तुझं कुठं आहे? मी दोन दिवस खोलीत बसून होतो. माझं म्हणणं काय असतं हेच माहीत नव्हतं मला, कोणी मागितलंच नव्हतं.

नंदनवनचे_काका
मी बाप आहे, लोनवाला. 40 नाही, 22 लाख. जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो आधीच टाकावे लागतात, युरो शंभराचा धरला तरी बारा लाखाच्या जवळ, आणि मग पोराला त्यातून महिन्याला 992 मिळतात, त्यात खोलीभाडं, विमा, खाणं. बँकेत एका ओळखीच्यानं सांगतलं की एज्युकेशन लोनमधून पाठवलं तर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो टॅक्स) कापत नाही, स्वतःच्या खात्यातून 10 लाखाच्या वर गेलं तर कापते, नाहीतर मी एफडी मोडून पाठवून राहिलो होतो. हे कोणता सेल सांगते?

पण मले खरं सांगायचं ते वेगळंच. आमचा पोट्टा घरी चहा पण ठेवत नव्हता, आईनं कधी ठेवूच दिला नाही. जायच्या आधी पंधरा दिवस मी त्याले किचनमध्ये उभं केलं. पहिल्या दिवशी वरणाले फोडणी देताना मोहरी तडतडली तर झाकण घेऊन मागं सरकला, जसा फटाका लावला. पंधराव्या दिवशी वरण-भात, पिठलं आणि अंड्याची भुर्जी येत होती. आता व्हिडिओ कॉलवर मलेच शिकवते की कांदा जास्त परतू नका. अभ्यासाचं मले कळत नाही, सर लोक पाहतील, पण दोन महिने ब्रेड खाऊन अ‍ॅसिडिटी झालेले पोट्टे त्याच्या खोलीवर जेवाले येतात हे माहीत आहे.

बुटीबोरी_शिफ्ट
काका तुमची कॉमेंट वाचून भूक लागली. शिष्यवृत्तीचा मुद्दा मान्य, त्याबाबतीत मी चुकलो. बाकी माझं मत तेच, कॉलेजनं आधी 55 पोरांचं पाहावं.

म्युनिक_वाया_मानेवाडा
इथं बसून वाचतोय. कोणी बोललं नाही ते सांगतो, बॅक. आपल्याकडं विषय गेला तर एटीकेटी, पुढच्या सेमला काढू, चौथ्यांदा काढू, कोणी विचारत नाही. इथं बऱ्याच युनिव्हर्सिटीत तीन अटेम्प्ट, तिसऱ्यांदा गेला तर तो कोर्सच बंद होतो. माझ्या बॅचचा एक पोरगा तिसऱ्या अटेम्प्टच्या आदल्या रात्री पण "आयएमपी" (हमखास येणारे प्रश्न) मागत होता ग्रुपवर, कोणाकडं आयएमपी आहेत का म्हणून. इथं आयएमपी नसतात हे त्याला कोणी आधी सांगितलं असतं तर. झिरोमाईल सरांचं म्हणणं बरोबर आहे पण त्यांनी एलओआरचं, म्हणजे शिफारसपत्राचं, लपवलं. सर, आमच्या एलओआर कोण लिहायचं?

झिरोमाईल
लपवलं नाही, विसरलो होतो म्हणा, किंवा लपवलंच. तुम्हीच लिहायचे. पेनड्राइव्ह घेऊन यायचे, मी लेटरहेडवर प्रिंट काढून सही करायचो. एका वर्षी मला अकरा पोरांमध्ये "अनकॉमन झील" दिसलं होतं, अकराही पत्रांत तोच शब्द. म्हणजे आम्ही पण छापतच होतो.

ताई, तुमच्या क्लार्कचा मुद्दा सोमवारी लेखी देतो, आणि शिष्यवृत्त्यांच्या तारखा नोटीस बोर्डावर मी स्वतः लावीन, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. काकांचं किचन मीटिंगमध्ये मांडलं तर लोक हसतील, तरी मांडतो. सेलला माझा विरोध मात्र तसाच आहे, फी घेऊन पोरांना उत्तरं पाठ करायला लावणारं अजून एक दुकान आत आणायचं असेल तर. खिडकीतली सीट, तुमच्याबद्दल नाही, तुम्ही तर खरं बोललात.

@पोहे_तर्री, जेवून झालं पण काय लिहावं सुचत नव्हतं. मॅडमचं चुकलं. मी पण तसं केलेलं असणार, आठवत नाही इतक्या वेळा.

पोहे_तर्री
जाऊ द्या सर. एक विचारतो, बुधवारी आमचं प्रॅक्टिकल आहे, बीम डिफ्लेक्शन. डायल गेजचा काटा अटकते मधातच, ग्राफ सरळ येतच नाही. जसं आलं तसं लिहू का मंग?

झिरोमाईल
लिही. काटा कुठं अटकला ते पण लिही, किती वजनावर. आणि तू माझ्याच बॅचचा आहे हे आता कळलं, तो गेज आमच्याच लॅबचा आहे.

पोहे_तर्री
मेलो 😅